जुन्या फोर-व्हील ड्राइव्हचं मागचं सेल्फ-लेव्हलिंग सस्पेन्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी फोर-व्हील ड्राइव्ह सांभाळणाऱ्यांकडून मागच्या सस्पेन्शनबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. साधे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगायला हवी, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांचं मूळ तीच आहे: लेव्हलर (भार वाढला तरी गाडीची मागची उंची राखणारा भाग) आणि त्याच्याबरोबरची स्प्रिंग कारखान्यात जोडीनेच ठरवलेली असते. एकीला हात लावला की दुसरीचा विचार करावाच लागतो.

१. सेल्फ-लेव्हलिंग म्हणजे नेमकं काय? साध्या सस्पेन्शनपेक्षा त्यात वेगळं काय असतं?

साध्या गाडीत सगळा भार स्प्रिंगच पेलते. मागे सामान भरलं की स्प्रिंग दबते, गाडी मागून बसते, हेडलाइटचा झोत वर जातो, स्टिअरिंग हलकं लागतं आणि खड्डा आला की ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा) बंप स्टॉपवर, म्हणजे वरच्या रबरी ठोकळ्यावर, आपटतो. स्प्रिंग कडक टाकली तर भरलेली गाडी सरळ राहते, पण रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्यात उडते.

सेल्फ-लेव्हलिंगमध्ये स्प्रिंग मऊच ठेवतात आणि वाढलेल्या भारापुरता आधार लेव्हलर देतो. १९७० साली आलेल्या रेंज रोव्हरने हाच मार्ग धरला होता. तिला लांब, मऊ कॉइल (वेटोळ्याच्या स्प्रिंग) होत्या आणि मागच्या ॲक्सलच्या मधोमध बोगे कंपनीचा लेव्हलर होता. खराब वाटेवर चाकं मोकळेपणाने वर-खाली व्हायची आणि भार घातला तरी गाडी मागे झुकायची नाही. या रचनेबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच ती काढून टाकण्याआधी नीट तपासा, असा आग्रह पुढे ठिकठिकाणी दिसेल.

२. माझ्या गाडीत सेल्फ-लेव्हलिंगचा कोणता प्रकार आहे, हे कसं ओळखू?

गाडीखाली टॉर्च घेऊन जा. मागच्या डिफरन्शियलच्या (ॲक्सलवरच्या गिअरच्या फुगीर डब्याच्या) वर, इंग्रजी ए अक्षराच्या आकाराच्या लिंकजवळून (ॲक्सलला धरणाऱ्या दांड्याजवळून) चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, आडव्या पट्टीकडे एकच जाड नळकांडं जात असेल आणि त्याला ना वायर ना पाइप असेल, तर तो मधला लेव्हलर. क्लासिक रेंज रोव्हर आणि लँड रोव्हर ११० च्या काही प्रकारांत तो सापडतो. क्लासिकच्या शेवटच्या वर्षांत काही गाड्यांना चारही चाकांवर हवेच्या बॅगा आल्या, त्यामुळे नुसत्या मॉडेलच्या नावावर जाऊ नका.

दोन्ही बाजूंचे शॉकअप नेहमीपेक्षा जाड असतील, सोबत कॉइल असेल आणि वायर-पाइप काहीच नसेल, तर बहुधा निव्होमॅट (हे अशा शॉकअपचं व्यापारी नाव). यात लेव्हलर शॉकअपच्या पोटातच असतो. पहिल्या पिढीच्या व्होल्व्हो एक्ससी ९० च्या काही गाड्यांना हे मिळत असे.

कॉइलच्या जागी रबराची बॅग आणि तिला बारीक पाइप दिसला, तर हवेची यंत्रणा: कंप्रेसर, उंचीचे सेन्सर आणि कंट्रोल युनिट असलेली. लँड रोव्हर डिस्कव्हरी २ (१९९८ ते २००४) च्या काही मॉडेलमध्ये, टोयोटा प्राडो १२० च्या वरच्या मॉडेलमध्ये आणि लेक्सस जीएक्स ४७० मध्ये ही मागच्या बाजूला असते.

चौथा प्रकार तेल आणि वायू भरलेल्या धातूच्या पोकळ गोळ्यांचा. त्यासाठी प्रश्न १६ पाहा.

३. सामान भरल्याबरोबर गाडी मागून बसते, पण थोडी चालवली की वर येते. हा बिघाड आहे का?

नाही. मधला लेव्हलर आणि निव्होमॅट असंच काम करतात. त्यांना इंजिनकडून किंवा बॅटरीकडून काहीच मिळत नाही. चालत्या गाडीत ॲक्सल आणि बॉडी एकमेकांपासून जवळ-लांब होतात, त्या हालचालीनेच आतला दट्ट्या हापशासारखा चालतो, तेल कमी दाबाच्या कप्प्यातून जास्त दाबाच्या कप्प्यात ढकललं जातं आणि गाडी उचलली जाते. ठरलेली उंची गाठली की आतली एक वाट उघडते आणि पंपिंग थांबतं. उभ्या गाडीत हे होणारच नाही. गुळगुळीत रस्त्यावर वेळ लागतो, खडबडीत रस्त्यावर लवकर होतं.

हवेच्या यंत्रणेत मात्र इंजिन चालू असताना उभी गाडीसुद्धा वर यायला हवी.

४. गाडी रिकामी आहे तरी मागून बसलेली दिसते. लेव्हलर गेला का?

आधी स्प्रिंगवर संशय घ्या. रिकाम्या गाडीचा बहुतेक भार कॉइलच पेलते आणि वर्षानुवर्षांनी कॉइल बसते. तुटलेली कॉइलही सहज नजरेतून सुटते, कारण तुकडा बहुधा खालच्या वेढ्यातून जातो आणि चिखलाने भरलेल्या बैठकीत लपून राहतो. बैठक धुऊन, बोट फिरवून बघा. चेसिसच्या खाली साचलेला चिखल, मागे कायम पडून असलेली हत्यारं, नंतर बसवलेली जादा टाकी आणि जड बंपर हेही हिशेबात घ्या. मग पुढच्या प्रश्नातली चाचणी घ्या.

५. मधला लेव्हलर काम करतो की नाही, हे घरी कसं तपासायचं?

क्लासिक रेंज रोव्हरच्या वर्कशॉप मॅन्युअलमधली पद्धत साधी आणि खात्रीची आहे. मोजपट्टी, वजन आणि थोडा रस्ता एवढंच लागतं.

गाडी सपाट जागी उभी करा आणि मागचं सगळं सामान काढा. मागच्या ॲक्सलवरची बंप स्टॉपची पट्टी आणि वरचं रबर यांच्यातलं अंतर दोन्ही बाजूंनी, पुढच्या बाहेरच्या कोपऱ्यात मोजा. दोन्हींची सरासरी ६७ मिलिमीटरपेक्षा जास्त हवी. कमी असेल तर कॉइल काढून त्यांची मोकळी लांबी मोजा. दिलेल्या मापापेक्षा २० मिलिमीटरहून जास्त आखूड झालेली कॉइल बदला. कॉइल बदलूनही अंतर ६७ च्या आतच राहिलं, तर लेव्हलर बदलायचा.

अंतर ठीक असेल तर दुसरा टप्पा. मागच्या भागात ४५० किलो वजन सारखं पसरून ठेवा. ड्रायव्हरच्या सीटवर माणूस बसवून पुन्हा अंतर मोजा. आता चढ-उताराच्या, खडबडीत रस्त्याने साधारण ५ किलोमीटर गाडी चालवा. थांबताना ब्रेक हलकेच लावा, म्हणजे वजन सरकणार नाही. ड्रायव्हर बसलेलाच असू द्या आणि परत मोजा. फिरून आल्यावर अंतर किमान २० मिलिमीटरने वाढलेलं हवं. तेवढं वाढलं नाही, तर लेव्हलर संपला.

हे आकडे क्लासिक रेंज रोव्हरचे आहेत. दुसऱ्या गाडीला तिच्या मॅन्युअलमधलेच घ्या, पण क्रम तोच ठेवा. डोळ्यांच्या अंदाजाने लेव्हलर बाद ठरवणं मला मान्य नाही. पुष्कळ चांगले लेव्हलर बसलेल्या कॉइलच्या पापाची शिक्षा भोगतात.

६. लेव्हलरवर तेल दिसतंय. सील बदलून दुरुस्त होईल का?

धूळ धरून ठेवणारा तेलाचा पातळ थर असेल तर पुसून घ्या आणि काही आठवड्यांनी पुन्हा बघा. ओघळ असेल किंवा थेंब पडत असेल, तर आतला दाब टिकणार नाही.

घरी मात्र तो उघडू नका. आत दाबाखालचा वायू असतो. कवचाचे स्क्रूही काढायचे नाहीत, अख्खं युनिटच बदलायचं, अशी मॅन्युअलची स्पष्ट सूचना आहे. उघडण्याची हौस हातावर किंवा डोळ्यावर बेतू शकते. टोकांचे बॉल जॉइंट हा वेगळा भाग आहे. तिथे झीज असेल किंवा ग्रीस वाळलं असेल, तर लेव्हलर न उघडता तेवढं काम करता येतं.

७. नवा लेव्हलर मिळतच नाही. कडक स्प्रिंग टाकून लेव्हलर काढून टाकला तर?

चालतं, आणि जुन्या गाड्यांवर हाच सर्वांत जास्त केला जाणारा उपाय आहे. पण मिळतं काय आणि जातं काय, हे ठरवण्याआधी माहीत असू द्या.

लेव्हलर ॲक्सलच्या मधोमध असल्यामुळे गाडी एका बाजूला कलताना तो जवळजवळ आड येत नाही. एक चाक खडकावर चढलं आणि दुसरं खाली गेलं, तरी मधला बिंदू फारसा हलत नाही. त्यामुळे भार पेलूनही चाकांची मोकळीक शाबूत राहते. कडक कॉइल दोन्ही टोकांना असतात, म्हणून त्या या तिरक्या हालचालीलाही अडवतात. वळणावर गाडी कमी कलते हे चांगलं, पण उंचसखल वाटेवर चाक लवकर हवेत लटकतं. रिकामी गाडी मागून ताठ लागते.

तेव्हा प्रश्न वापराचा आहे. गाडीत कायम सामान किंवा माणसं असतील, तर जड कॉइल आणि जुळणारे शॉकअप हा सरळ, टिकाऊ उपाय आहे. गाडी एरवी रिकामी फिरते आणि क्वचितच भरते, असं असेल तर मूळ मापाच्या जवळची कॉइल ठेवून तिच्या आत बसणारी हवेची मदतनीस बॅग मला जास्त पटते. सामान भरलं की पंपाने हवा भरायची, उतरवलं की किमान दाबापर्यंत सोडायची. बॅग कधीही पूर्ण रिकामी ठेवू नका, कॉइलच्या वेढ्यांत चिमटली जाते.

लेव्हलर काढायचा आणि मूळ मऊ कॉइल तशाच ठेवायच्या, हा एक पर्याय मात्र पूर्ण चुकीचा आहे. रिकामी गाडी ठीक दिसते आणि पहिल्याच भरलेल्या प्रवासात ॲक्सल बंप स्टॉपवर बसतो.

८. मेलेला लेव्हलर तसाच राहू दिला तर?

गळत नसेल, अडकत नसेल आणि बॉल जॉइंट खडखडत नसतील, तर जड कॉइलसोबत तो नुसता पडून राहू शकतो. गळणारा किंवा आत अडकलेला लेव्हलर काढाच.

९. मागून खडखड आवाज येतो. लेव्हलरच असेल ना?

असेल किंवा नसेलही. त्याच्या अगदी शेजारी ए-आकाराच्या लिंकचा मोठा बॉल जॉइंट असतो आणि तो ॲक्सलला जागेवर धरतो. ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना ‘ठक’ आवाज आला, किंवा गाडी मागून स्वतःच दिशा बदलते असं वाटलं, तर आधी हा जॉइंट आणि खालच्या लिंकचे बुश (सांध्यातले रबरी अस्तर) तपासा. हे सुरक्षिततेचं काम आहे, लेव्हलरसाठी थांबून राहू नका. खड्ड्यात फक्त वर-खाली होताना टकटक येत असेल, तर लेव्हलरची टोकं आणि शॉकअपचे रबर बघा.

१०. लेव्हलर स्वतः काढायचा असेल तर काय सांभाळायचं?

पुढच्या चाकांना ठोकळे लावा. चेसिस मजबूत स्टँडवर टेकवा आणि ॲक्सलला जॅकचा वेगळा आधार द्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका. लेव्हलर बाहेर काढायला बहुधा ए-लिंकचा जॉइंट ॲक्सलपासून सोडवावा लागतो आणि तो सुटला की ॲक्सल स्वतःभोवती फिरू शकतो. त्यामुळे डिफरन्शियलचं तोंडही आधार देऊन धरून ठेवा. ब्रेकचा लवचीक पाइप ताणला जात नाही ना, ते बघा. जुने नट आदल्या दिवशीच गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवून ठेवले, तर अर्धी झटापट वाचते. बुश असलेले बोल्ट गाडी चाकांवर, नेहमीच्या उंचीवर आल्यावरच शेवटचे आवळा. लटकत्या ॲक्सलवर आवळले तर बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतात आणि लवकर फाटतात.

११. निव्होमॅट महाग पडतात. त्यांच्या जागी साधे शॉकअप लावू का?

स्प्रिंग बदलणार असाल तरच. साधा शॉकअप हालचाल शमवतो, भार उचलत नाही. निव्होमॅट दोन्ही कामं करतो, म्हणून त्याच्याबरोबरची स्प्रिंग मऊ असते. नुसते शॉकअप बदलले की गाडी मागून बसते आणि मग दोष नव्या शॉकअपवर येतो. साधे शॉकअप लावायचे तर बिगर-निव्होमॅट मॉडेलच्या स्प्रिंगसकट लावा. उलटंही खरं आहे: कडक स्प्रिंगबरोबर निव्होमॅट लावला, तर गाडी आधीच उंच राहते आणि त्याला काम उरत नाही.

१२. हवेची यंत्रणा आहे. रात्री उभी केलेली गाडी सकाळी मागून बसलेली असते, सुरू केली की वर येते. काय बदलू?

आधी गळती शोधा, मग बदला. गाडी उंच असताना बॅग, पाइपचे सांधे आणि व्हॉल्व्ह यांवर साबणाचं पाणी मारा. बॅगेची खरी जागा म्हणजे खालची घडी, जिथे रबर आत वळून पिस्टनवर बसतं. तिथे ब्रश हळू फिरवा आणि मिनिटभर थांबा. मोठे बुडबुडे लगेच येत नाहीत, आधी बारीक फेसाची एक रेघ उमटते आणि ती हळूहळू जाड होते.

बरेच जण फसतात ते इथेच: गाडी उंच असताना घडी एका जागी असते आणि खाली असताना दुसऱ्या. भेग फक्त एका उंचीवर उघडते. त्यामुळे एकदा उंच आणि एकदा नेहमीच्या उंचीवर, अशी दोनदा तपासणी करा. घडीवर भेगांचं जाळं दिसत असेल तर बुडबुड्यांची वाट न बघता दोन्ही बॅगा बदला. दोघींचं वय तेच असतं.

गळती राहू देऊन कंप्रेसर बदलू नका. सतत चालून कंप्रेसर जळतो, रिलेचे (कंप्रेसर चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटतात आणि मग एका बॅगेचं काम तीन कामं होऊन बसतं. कंप्रेसर आधीच थकला असेल तर त्याच्या हवा सुकवणाऱ्या भागाकडेही बघा. तो ओलावा धरून बसला की पाणी व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतं.

१३. एकच बाजू खाली बसते. तरीही बॅगच का?

बॅग असू शकते, पण डिस्कव्हरी २ सारख्या गाडीत दोन बाजूंना दोन सेन्सर असतात आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या सांभाळल्या जातात. उंचीच्या सेन्सरचा दांडा सुटला, वाकला किंवा त्याच्या प्लगमध्ये पाणी शिरलं, तरी तीच बाजू चुकीच्या उंचीवर थांबते. ओळख अशी: इंजिन बंद ठेवून हळूहळू खाली जाते ती गळती, इंजिन चालू असताना चुकीच्या उंचीवर स्थिर थांबते तो सेन्सर. सेन्सर बदलल्यावर बिघाडाचं निदान करणारं यंत्र लावून उंची पुन्हा ठरवून द्यावी लागते.

१४. बॅगा काढून कॉइल टाकल्या तर डॅशबोर्डवरचा दिवा जाईल का?

आपोआप जाणार नाही. कंट्रोल युनिट बॅगेची वाट बघतच राहतं. डिस्कव्हरी २ मध्ये लेव्हलिंग आणि एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) एकाच युनिटमध्ये आहेत, म्हणून वायर कापणं किंवा दिसेल तो फ्यूज काढणं धोक्याचं आहे. योग्य निदान यंत्राने सेटिंगमध्ये लेव्हलिंग बंद करता येतं, तेच करा. दिव्याचा बल्ब काढून टाकणं हा उपाय नाही, पुढचा मालक त्या दिव्यावर विसंबून असतो.

कॉइल घ्यायच्या तर बैठकांसकट पूर्ण संच घ्या आणि भार ठरवून घ्या. दोन्ही बॅगा बदलून बाकी यंत्रणा धड असेल, तर मी बॅगाच ठेवेन. दुर्गम भागात लांबचे प्रवास करणाऱ्याला मात्र कॉइलची निश्चिंती जास्त मोलाची आहे.

नवी बॅग बसवताना आधी यंत्रणा बंद करा, नाहीतर गाडी जॅकवर असताना युनिट उंची सुधारायला जाऊन बॅगेतली हवा सोडू शकतं. आणि हवा नसलेल्या बॅगेवर गाडीचं वजन सोडू नका. घडी चुकीची पडली की नवी बॅगही तिथेच फाटते.

१५. गाडी दोन इंच उचलायची आहे. लेव्हलर राहील का?

मधला लेव्हलर ठराविक उंचीवर काम थांबवतो. उंच कॉइल टाकल्यावर गाडी त्या उंचीच्या वरच असते, म्हणजे लेव्हलर निष्क्रिय होतो. शिवाय चाक लटकताना तो पूर्ण ताणला जाऊन त्याची दांडी आणि जॉइंट यांवर ओढ येते. उचललेल्या गाडीत तो काढलेला बरा.

ज्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब ॲक्सलच्या उंचीवरून ठरवणारा व्हॉल्व्ह असतो, तिथे एक वेगळी काळजी. मागचा भाग वर गेला की त्या व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचे ब्रेक कमी लावतो. त्याचा दांडा मॅन्युअलप्रमाणे पुन्हा जुळवा. हेडलाइटही.

१६. गोळ्यांची यंत्रणा आहे. उंची बरोबर आहे, पण गाडी लाकडासारखी आपटते. का?

उंची तेल ठरवतं, मऊपणा वायू देतो. टोयोटा लँड क्रूझर १०० च्या काही मॉडेलमधल्या अशा यंत्रणेत गोळ्यांमधला नायट्रोजन वर्षानुवर्षं पडद्यातून झिरपत जातो. मग गाडी सरळ उभी राहते, पण दबायला काही उरत नाही. गाडी सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या स्थितीत नेऊन तेलाच्या टाकीतली पातळी बघा. दोन्हींमधला फरक नव्यापेक्षा बराच कमी झाला असेल, तर गोळ्या थकल्या. तेल मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच घाला. ब्रेक ऑइल घातलं तर सील फुगून सगळी यंत्रणा निकामी होऊ शकते.

१७. लेव्हलर चांगला आहे, मग ट्रेलर ओढताना जास्त वजन टाकू का?

नाही. लेव्हलर गाडी सरळ दाखवतो, ॲक्सल, टायर आणि ब्रेक यांची मर्यादा वाढवत नाही. उलट गाडी बसत नसल्यामुळे जादा भार लक्षात येत नाही, म्हणून वजन काट्यावरच तपासा. मधला लेव्हलर असेल तर हुकची उंची थोडं अंतर चालवून आल्यावर मोजा. भार पुढच्या चाकांकडे वळवणारं हुक वापरत असाल, तर ते लावताना लेव्हलिंग बंद ठेवायचं की चालू, हे गाडीच्या हँडबुकप्रमाणे ठरवा. दोघं एकमेकांविरुद्ध काम करू लागले की पुढच्या चाकांवरचा भार चुकतो.

१८. काढलेला जुना लेव्हलर भंगारात देऊ का?

तसाच नको. मेलेल्या युनिटमध्येही दाब शिल्लक असू शकतो. त्याला करवत, ड्रिल, गॅस कटर किंवा वेल्डिंग लावू नका आणि आगीत टाकू नका. गाडीवर असतानाही त्याच्या जवळ वेल्डिंग करायचं झालं, तर आधी तो काढून ठेवा. भंगारवाल्याला देताना आत दाबाखालचा वायू आहे हे तोंडी सांगा आणि युनिटवर रंगाने ठळक लिहूनही द्या, कारण कटर चालवणारा माणूस बहुधा दुसराच असतो.